एक लिटरचं गिऱ्हाईक

२ जानेवारी
ऑइल कंपनी दर वर्षी एक जाडजूड डायरी फुकट देते आणि दर वर्षी आत्या ती भाजी-दुधाचा हिशेब लिहायला पळवते. या वर्षी मी आधी उचलली. कारण आहे.

काल रात्री पेट्रोलचा दर वाढला. संध्याकाळीच लोकांना कुणकुण लागली होती. पार वळणापर्यंत रांग. ज्यांनी जन्मात टाकी भरली नसेल तेही 'फुल करा' म्हणत होते. आणि आज सकाळपासून पंपावर चिटपाखरू नाही. मी, मिशा आणि तीन कावळे. मिशा म्हणजे आमचा सगळ्यात जुना कामगार. त्याचं खरं नाव पगाराच्या दिवशीच आठवतं.

दुपारी धाकट्याचा फोन आला. वडिलांच्या माघारी पंप आम्हा भावंडांच्या नावावर आहे. चालवते मी. तो दूर मोठ्या शहरात हिशेबाची नोकरी करतो आणि तिथून उंटावरून शेळ्या हाकतो.

"ताई, साधा नियम आहे. किंमत वाढली की मागणी घटते. शाळेत शिकलोय आपण."

"तू शिकलास. मी तेव्हा पंपावर होते."

मग त्याने पुन्हा तो फरशीवाला काढला. फरशीवाल्याला आमच्या जागेवर दुकान टाकायचं आहे. शेवटी असं ठरलं की जूनअखेरपर्यंत बघायचं. खप गेल्या वर्षीपेक्षा पाव हिश्श्याने घटला, तर जागा विकायची आणि मी आत्याला घेऊन त्याच्याकडे राहायला जायचं. नाही घटला, तर त्याने पुन्हा विषय काढायचा नाही. मी रागाच्या भरात 'लागली पैज' म्हणाले आणि फोन ठेवल्यावर भानावर आले. मी पन्नाशीला टेकले. पंप सोडून मला दुसरं काही येत नाही. दुसरीकडे जाऊन मी सकाळी उठून करू काय?

तर गिऱ्हाईक कसं वागतं ते रोजच्या रोज टिपून ठेवायचं आहे. भावाच्या तोंडावर मारायला.

५ जानेवारी
लोक माझ्याकडे असे बघतात, जणू दर मीच माडीवर बसून ठरवते. एक गृहस्थ म्हणाले, "बाई, रात्री झोप लागते का?" मी म्हटलं, "पंपाच्या मागेच घर आहे. तुम्ही हॉर्न नाही वाजवलात तर छान लागते." हसले आणि पैसे दिले. पण भरलं नेहमीपेक्षा निम्मंच.

१४ जानेवारी
बाजी माझ्याकडे झुकतेय. माणसं शिव्या घालतात आणि भरतात. पहिला आठवडा रुसले, दुसऱ्या आठवड्यात आले. न येऊन सांगतात कोणाला? ऑफिस तिथेच, शाळा तिथेच, सासू-सासरे तिथेच.

एक गंमत लक्षात आली. लिटरमध्ये कोणी बोलतच नाही. 'शंभरचं टाका' म्हणणारा आधीही शंभरचंच टाकत होता, आताही तेवढंच टाकतो. शंभरात कमी येतं, हे त्याला घरी पोचून काटा बघितल्यावर कळतं आणि मग तो बायकोवर चिडतो. एक स्कूटरवाला पेट्रोल भरताना गाडी गदागदा हलवतो, म्हणजे म्हणे जास्त मावतं. दुसरा पहाटे येतो, कारण गारव्यात पेट्रोल दाट असतं. मी कोणाला अडवत नाही. महागाईत माणसाला काहीतरी हाताशी लागतं.

सगळ्यात कंजूष मात्र ड्रायव्हिंग स्कूलचे मास्तर. या भागातली निम्मी माणसं त्यांच्याकडे गाडी शिकलीत. वर लाल पाटी लावलेली पांढरी छोटी गाडी. आधी आठवड्यातून एकदा येऊन टाकी फुल करायचे. दर वाढल्यापासून रोज येतात आणि म्हणतात, "एक लिटर." रोज! मी मिशाला म्हटलं, उद्या दर उतरेल या आशेवर असतील. मिशा मिशीतल्या मिशीत हसला. त्याला हसायला कारण लागत नाही.

६ फेब्रुवारी
पुन्हा वाढ. मास्तर आता दिवसातून दोनदा येतात.

मला वेगळाच संशय येतोय. माणूस मीटरकडे बघतच नाही. मिशा "शून्य बघून घ्या" म्हणतो तेव्हा यांची नजर ऑफिसच्या काचेकडे. आत माझी खुर्ची, मागे भिंतीवर प्रमाणपत्रं. म्हणजे प्रमाणपत्रं तपासतात! वजनमाप खात्याने गुपचूप नेमलं असेल. दर वाढले की पंपवाल्यांच्या मापावर सगळ्यांचा डोळा असतो. आमचं माप चोख आहे, पण कर नाही त्याला डर कशाला म्हणतात तरी डर वाटतेच. सगळी प्रमाणपत्रं पुसून काचेतून नीट दिसतील अशी लावली. केसांनाही जरा फणी फिरवली. खात्याचा माणूस म्हटल्यावर गबाळं दिसून चालत नाही.

९ फेब्रुवारी
आज सोक्षमोक्ष लावला. मास्तर आल्याबरोबर मापाचा डबा घेऊन बाहेर गेले आणि त्यांच्यासमोर पाच लिटर मोजून दाखवलं. थेंब इकडे नाही, तिकडे नाही.

"झालं समाधान?"

"झालं," मास्तर म्हणाले. मग जरा घुटमळून, "उद्या पुन्हा दाखवाल?"

एवढा संशयी माणूस मी पाहिला नाही.

२१ फेब्रुवारी
खप किंचित उतरलाय. माणसं हळूहळू शहाणी होतात, हेच वाईट. चार शिक्षिका आधी चार स्कूटरवर यायच्या, आता एका गाडीत येतात आणि पुढच्या सीटवरून भांडतात. पेट्रोलसाठी रांगेत उभ्या असताना इतक्या हसतात, की मिशा दोनदा पैसे परत द्यायला चुकला. एक नवरा-बायको आहेत. त्यांचा अबोला अख्ख्या गल्लीला ठाऊक. आता एकाच स्कूटरवरून येतात. आज बायको त्याच्या कानात काहीतरी सांगत होती. माझं तीनशेचं नुकसान, पण बघून बरं वाटलं. हे भावाला सांगायचं नाही.

१२ मार्च
आज एका माणसाचं कल्याण केलं.

मास्तर खात्याचे नाहीत. आत्याने चौकशी करून सांगितलं. एकटे राहतात, पत्नी जाऊन सहा वर्षं झाली, मूलबाळ नाही, स्वभावाने सरळ. आत्याला एवढी सगळी चौकशी कोणी सांगितली होती कोण जाणे. म्हणजे उरली निव्वळ कंजुषी, आणि तीही चुकीची! त्यांची शाळा पार नदीपलीकडे. एक लिटर भरायला तिथून यायचं आणि जायचं, यातच किती जळतं? मी कागदावर हिशेब मांडला, बाहेर गेले आणि समजावलं.

"मास्तर, हे म्हणजे चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला. आठवड्यातून एकदा टाकी फुल करा. खेपा वाचतील."

ते कागदाकडे बघत राहिले. "बरोबर आहे तुमचं," म्हणाले. "माझ्या खेपांनी तुम्हाला त्रास होतो का?"

"मला कसला त्रास? तुमच्या भल्यासाठी सांगते."

टाकी फुल केली आणि गेले. आभार मानले, पण तोंड असं, जणू मी माप मारलं. चांगलं सांगायला जावं तर लोकांना टोचतं. तरी मला समाधान आहे. आपलं गिऱ्हाईक आपण फसू देऊ नये.

२० मार्च
मास्तर आठ दिवसांनी आले. टाकी फुल. "येतो," म्हणाले. मी ऑफिसातून बाहेर येईपर्यंत गाडी वळणावर.

लिटरांत बघितलं तर मास्तरांचा खप होता तेवढाच आहे. गिऱ्हाईक तुटलेलं नाही. मग पंप असा ओकाओका का वाटतो? छातीत दोन दिवस जड आहे. पित्त असेल.

२ एप्रिल
तिसरी वाढ, आणि या वेळी गिऱ्हाईकं रुसलीसुद्धा नाहीत. थंडपणे दुचाकी काढून बसली. जानेवारीत माणसं भडकली पण सवयी तशाच राहिल्या, आता भडकत नाहीत आणि सवयी बदलतायत. कोणी ऑफिसजवळ घर घेतलं, कोणी मोठी गाडी विकून लहान घेतली. भाऊ म्हणतो ते उशिरा का होईना खरं होतंय. घट सहाव्या हिश्श्यापर्यंत आली. मला भीती वाटतेय, हे इथेच लिहिते, बाहेर बोलणार नाही.

आत्याने विचारलं, "जेवण का जात नाही?"

"पित्त."

"हे पित्त पांढऱ्या गाडीतून येतं आणि आठवड्यातून एकदाच येतं," आत्या म्हणाली. म्हातारपणी माणूस काहीही बोलतो. पुढे म्हणाली, "अख्खं आयुष्य दुसऱ्यांच्या गाड्यांत पेट्रोल ओतलंस. एकदा स्वतः चालवायला शीक."

हे मात्र पटलं. मला गाडी येत नाही, ही गोष्ट मी आजवर शिताफीने लपवली. हलवायाने गोड न खाण्यातला प्रकार. आणि गाडीवाल्याच्या मनात शिरल्याशिवाय मागणी कशी कळणार? निव्वळ अभ्यास म्हणून नाव घालायचं ठरवलं. या भागात दुसरी ड्रायव्हिंग स्कूलही आहे, जवळच आहे, पण तिथे कोण जाणार?

९ एप्रिल
पहिला धडा. मास्तरांनी मला बघितलं आणि हातातला किल्ल्यांचा जुडगा खाली पडला.

"तुम्ही? शिकायला?"

"का? पंपवाल्यांना घेत नाही का?"

"घेतो. घेतो ना. बसा."

गाडी गचके खात निघाली. मी क्लच सोडते तेव्हा गाडी बेडकासारखी उडते. मास्तरांच्या पायाशी वेगळा ब्रेक असतो, शिकाऊ माणूस चुकला तर दाबायला. मी भाजीच्या गाडीला घासता घासता वाचले, तरी त्यांनी तो दाबला नाही. "तुम्ही थांबवाल अशी खात्री होती," म्हणाले. मला इतकं बरं वाटलं, की पुढच्या चौकात सिग्नल तोडला.

पित्त कमी आहे. हवेशीर बसल्याने असेल.

२४ एप्रिल
आता तिसऱ्या गिअरपर्यंत मजल गेलीय. आज सरळ रस्त्याला बोलता बोलता मास्तरांना पैजेचं सांगितलं. पाव हिस्सा, जूनअखेर, फरशीवाला, सगळं.

"म्हणजे पंप गेला तर तुम्ही इथून जाणार?"

"जावं लागेल. भावाकडे."

कच्चकन ब्रेक लागला. भर रस्त्यात, मागे पुढे कोणी नसताना. दाबला होता मास्तरांनीच. मी विचारलं काय झालं, तर म्हणाले, "मांजर." मला दिसलं नाही. माझी नजर अजून रस्त्यावर बसत नाही, हेच खरं.

७ मे
पंपावर नुसता गोंधळ चालू आहे! मास्तरांनी अभ्यासक्रमात नवा धडा घातलाय, पंपावर गाडी लावून पेट्रोल भरणं. प्रत्येक शिकाऊला आमच्याच पंपावर आणतात. प्रत्येकी एक लिटर. आज एका जाड भिंगांच्या बाईंनी वाळूच्या बादल्या पाडल्या, एकाने हवेच्या मशीनला नमस्कार करता करता गाडी थांबवली, आणि एक वकीलसाहेब नोझलच्या उलट्या बाजूला गाडी लावून "आता?" म्हणून माझ्याकडे बघत बसले. मास्तर दर वेळी उतरून वाळू भरतात, माफी मागतात, जातात आणि अर्ध्या तासाने पुढचा शिकाऊ घेऊन हजर.

मी म्हटलं, "मास्तर, पुन्हा तेच? मी हिशेब करून दिला होता ना?"

"तो खेपांचा हिशेब होता. हे शिक्षण आहे."

शिक्षणापुढे काय बोलणार? मिशाने बादल्यांना लाल रंगाचा नवा हात दिला, म्हणजे लांबून तरी दिसतील. मला हसून हसून ठसका लागला. इतकी मी वडील असताना हसायचे.

१९ मे
खप घसरायचा थांबलाय, आणि का थांबलाय ते समजत नाही. नदीपलीकडच्या गाड्या येतायत. त्यांच्या वाटेत दुसरा पंप आहे, चांगला चकाचक. तो ओलांडून इथे! मी दोघा-तिघांना विचारलं. सगळ्यांचं एकच उत्तर, "मास्तर म्हणाले, इथलं माप बघण्यासारखं आहे."

फेब्रुवारीत डबा घेऊन मोजून दाखवलं, ते वाया गेलं नाही तर. खरं कधी ना कधी पोचतंच. आत्याला हे सांगितलं तर कपाळावर हात मारून म्हणाली, "काखेत कळसा, गावाला वळसा." हल्ली तिच्या म्हणींचा आणि विषयाचा संबंध नसतो.

११ जून
परवाना मिळाला! परीक्षेत आठचा आकडा काढताना मागे मास्तर उभे होते, माझ्यापेक्षा ते जास्त घामाघूम.

आज वडिलांची जुनी गाडी बाहेर काढली. मिशाने चार दिवस खपून सुरू केली होती. बँकेपर्यंत एकटी गेले. काम झालं, परत यायचं, तर हात आपसूक दुसरीकडे वळले. नदीचा पूल, पलीकडची झाडं, खिडकीतून वारा. पेट्रोल एवढं महाग, विकणारी मीच, मला थेंबाथेंबाचा भाव पाठ, आणि तरी मी उगाच दोन चकरा जास्त मारल्या. नदीपलीकडे ड्रायव्हिंग स्कूलची पाटी दिसली म्हणून एक चक्कर आणखी. आता मला गाडीवाल्यांचं मन कळलं. भाऊ म्हणतो तसं किमतीकडे बघून ते गाडी काढत असतीलही, पण एकदा कुठे जायचं मनात भरलं की भावाकडे कोण बघतं? मी हे सहा महिने बाहेरून बघत होते.

२६ जून
दर उतरला. चांगला घसघशीत उतरला. काल दिवसभर शुकशुकाट होता, सगळे आजची वाट बघत बसले होते. आज जी झुंबड उडाली, ती विचारू नका. शंभरवाले 'फुल' म्हणतायत. शिक्षिकांचं एकत्र हसणं-भांडणं संपणार म्हणून मी धास्तावले होते, आता चार स्कूटर पुन्हा येतील. पण चौघी एकाच गाडीत आल्या. "आता सवय झाली," म्हणाल्या, आणि पुढच्या सीटवरून भांडल्या.

मास्तर आज आले नाहीत. कालही नाही. दर उतरला म्हणजे त्यांची काटकसर संपली, आता आठवड्याने येतील. बरंच आहे. माणसाने सुखाने टाकी भरावी.

मला काही बरं वाटत नाहीये. आणि हे पित्त नाही.

३० जून
सगळं क्रमाने लिहायचं आहे.

सकाळी धाकटा आला. ऑफिसात बसून चष्मा नाकावर आणून सहा महिन्यांचा खप बघितला. शेवटच्या चार दिवसांची झुंबड धरणार नाही म्हणाला, मीही नको म्हटलं. ती सोडूनही घट पाचव्या हिश्श्याची. पाव नाही.

"जिंकलीस, ताई," तो म्हणाला. मला मिठी मारावीशी वाटली, तेवढ्यात पुढे म्हणाला, "पण एकटी किती वर्षं ओढणार आहेस? आत्याही थकली. पैज राहू दे. तशीच चल." त्याच्या आवाजात खरी काळजी होती, त्यामुळे मला रागावताही येईना. मी म्हटलं विचार करून सांगते. खरं तर मी हो म्हणायच्या बेतात होते. जिंकूनही काही जिंकल्यासारखं वाटत नव्हतं.

बाहेर गर्दी वाढली, म्हणून मी स्वतः एका नोझलवर उभी राहिले. आठ-दहा गाड्या फुल करून झाल्या आणि पुढे सरकली ती पांढरी गाडी. शिकाऊ कोणी नव्हतं. मास्तर एकटेच, स्टिअरिंगवर. अर्धा तास तरी रांगेत असणार.

"फुल ना?" मी विचारलं.

"एक लिटर."

"अहो मास्तर, दर उतरलाय! अख्खं गाव टाकी फुल करतंय. आता कसली काटकसर?"

ते गाडीतून उतरले. इस्त्रीचा शर्ट होता, हे मला तेव्हा दिसलं. "काटकसर कधीच नव्हती," म्हणाले. "आधी आठवड्यातून एकदा तुम्ही दिसायचात. दर वाढला, सगळेच थोडं थोडं भरायला लागले, त्यात माझंही खपून गेलं. रोज येता आलं. आता दर उतरला, बहाणा संपला. चार दिवस घरी बसून विचार केला. टाकी फुल केली तर पुढचे आठ दिवस तुम्ही दिसत नाही. ते मला परवडत नाही."

मागे हॉर्न सुरू झाले. माझ्या हातात नोझल, त्यांच्या टाकीचं झाकण उघडं. सहा महिन्यांतलं एकेक आठवायला लागलं आणि कान गरम झाले. डबा घेऊन पाच लिटर मोजून दाखवलं होतं मी या माणसाला! पलीकडच्या नोझलवरून मिशा ओरडला, "ताई, शून्य बघून घ्या!" आणि रांगेतल्या चारही शिक्षिका खिडकीतून बाहेर आल्या.

मी नोझल जागेवर ठेवलं. त्यांच्या टाकीचं झाकण स्वतः घट्ट लावलं.

"गाडी हवेच्या मशीनपाशी लावा," मी म्हटलं. "आत चहाला या. आत्या आहे, भाऊ आलाय. आणि उद्यापासून पेट्रोल न भरता यायचं."

मास्तरांनी इतक्या वर्षांत हजारो माणसांना गाडी शिकवली असेल. आज त्यांनी गाडी सुरू केली ती बेडकासारखी उडाली आणि तीनही बादल्या आडव्या झाल्या.

धाकटा ऑफिसच्या दारात उभा होता. त्याने सगळं ऐकलं होतं. माझ्याकडे बघून म्हणाला, "म्हणजे तू येत नाहीस माझ्याकडे."

"येईन की. चार दिवस राहायला. आम्ही गाडीनेच येऊ."

'आम्ही' म्हणाले, हे मला म्हणून झाल्यावर कळलं. धाकटा हसायला लागला. "ताई, रोजचं गिऱ्हाईक घालवलंस."

"हो, घालवलं," मी म्हटलं आणि लाजले. या वयात, भर दुपारी, अख्ख्या रांगेसमोर.